दोन स्वस्त लाइनी, एक राउटर: घरचं इंटरनेट कसं जोडावं

आमच्या गल्लीत रस्त्याच्या कामाला जेसीबी आला की फायबर तुटणार, हे ठरलेलं. एकदा तर लेकीची ऑनलाइन परीक्षा शेजारच्या काकूंच्या ओट्यावर बसून द्यावी लागली. तेव्हापासून एका महागड्या प्लॅनऐवजी मी दोन स्वस्त लाइनी एकत्र चालवतो.

आधी एक गैरसमज दूर करू. ५० आणि ५० एमबीपीएसच्या दोन लाइनी जोडल्या की १०० चा वेग मिळतो, असं नाही. नळ दोन असले तरी एक कळशी एकाच नळाखाली लागते. घरात चार कळशा असतील तर मात्र पाणी निम्म्या वेळात भरतं. राउटर हेच करतो: तुमचा व्हिडिओ कॉल एका लाइनीवर, मुलांचा सिनेमा दुसरीवर. याला लोड बॅलन्सिंग म्हणतात, आणि चार-पाच जणांच्या घराला ते पुरतं.

लाइनी निवडताना आधी खांबाकडे बघा. दोन्ही केबली एकाच खांबावरून येत असतील तर जेसीबी दोन्ही एकदम तोडेल. म्हणून एक फायबर आणि दुसरी सिमवर चालणारी ४जी किंवा ५जी घ्या. कंपन्या वेगळ्या असल्या तर उत्तम.

मग दोन वॅन पोर्टचा, म्हणजे बाहेरून येणाऱ्या इंटरनेटच्या दोन लाइनी लावता येतील असा राउटर लागेल. टीपी-लिंकचा ईआर६०५ घरासाठी पुरेसा आहे. त्यात वायफाय नाही. जुना वायफाय राउटर टाकून देऊ नका. त्याचा डीएचसीपी (घरातल्या उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा, त्याला नवा, न वापरलेला आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा क्रमांक) द्या आणि त्याच्या लॅन पोर्टातून, म्हणजे घरातल्या उपकरणांसाठीच्या पोर्टातून, केबल ईआर६०५ च्या लॅन पोर्टात लावा.

जोडणीत सगळ्यात जास्त वेळ पत्त्यांच्या भांडणात जातो. दोन्ही कंपन्यांच्या डब्यांचा (लाइन ज्यात येते त्या मोडेमचा) पत्ता बरेचदा १९२.१६८.१.१ असाच असतो, आणि मग राउटर गोंधळतो. एका डब्याच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचा पत्ता १९२.१६८.२.१ करा. हे आधी करा, नंतर दोन्ही डब्यांच्या वायरी ईआर६०५ च्या वॅन पोर्टांत लावा.

आता ईआर६०५ च्या सेटिंगमध्ये, वॅन मोडच्या पानावर, दुसरा वॅन पोर्ट सुरू करा. प्रत्येक वॅनच्या पानावर बँडविड्थचा, म्हणजे लाइनीच्या वेगाचा रकाना असतो. त्यात आकडा केबीपीएसमध्ये भरायचा, म्हणजे ५० एमबीपीएससाठी ५००००. आकडा प्लॅनच्या जाहिरातीतला नको; रात्री नऊला, सगळे नेटवर असताना, स्पीड टेस्ट करून आलेला भरा. लोड बॅलन्सिंगच्या पानावर बँडविड्थनुसार वाटणीचा पर्याय निवडला की राउटर याच आकड्यांच्या प्रमाणात काम वाटतो.

त्याच पानावर ॲप्लिकेशन ऑप्टिमाइज्ड राउटिंग आहे, ते एका साइटशी चाललेलं काम एकाच लाइनीवर ठेवतं; तेही चालू ठेवा. नाहीतर बँकेच्या साइटला तुमचा पत्ता मधेच बदललेला दिसतो आणि ती लॉगिनमधून बाहेर काढते. याची किंमत एवढीच की एकाच सर्व्हरवरचं मोठं डाउनलोड एकाच लाइनीवर राहतं. मला हा सौदा मान्य आहे.

सिमच्या प्लॅनमध्ये रोज दीड-दोन जीबीचीच मर्यादा असेल तर वाटणी करूच नका. एका सिनेमात दिवसाचा डेटा संपेल. त्या लाइनीला लिंक बॅकअपमध्ये टाका. फायबर पडली की मगच ती चालू होईल.

शेवटी चाचणी. ऑनलाइन डिटेक्शन (लाइनीवर नेट येतंय का हे तपासणारी राउटरची सोय) चालू आहे ना ते पाहा, यूट्यूब लावा आणि फायबरची केबल सरळ उपसा. थोड्या वेळात दुसरी लाइन काम हाती घेते. दोन्ही डबे आणि राउटर इन्व्हर्टरवर हवेत, नाहीतर लाइट गेली की सगळं मुसळ केरात.

लाइन बदलताना चालू कॉल मात्र तुटतो, परत जोडावा लागतो. तोही तुटायला नको, किंवा एकाच डाउनलोडला दोन्हींचा वेग हवा, तर त्याला बॉन्डिंग लागतं. त्यात डेटाचे तुकडे दोन्ही वाटांनी एका सर्व्हरकडे जातात आणि तिथे जोडले जातात. फोन-लॅपटॉपवर स्पीडिफाय हे ॲप ते करतं. अख्ख्या घरासाठी ओपनएमपीटीसीपीराउटर हे राउटरवर चालणारं सॉफ्टवेअर आहे. ते फुकट आहे, पण सर्व्हर भाड्याने घ्यावा लागतो. तो मुंबईतला घ्या, परदेशातला घेतला तर प्रत्येक क्लिकला उशीर जाणवेल. आठवड्याला दोन-चार मीटिंग असणाऱ्या घराने हा खर्च करू नये. रोज थेट प्रक्षेपण किंवा ऑनलाइन शिकवणी घेणाऱ्याने जरूर करावा.