डिफ्यूझर लावूनही फोटोभर पांढरे ठिपके? या चुका टाळा

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास कॅमेरा घेऊन डाइव्ह करणाऱ्यांची एक तक्रार मी दर हंगामात ऐकतो: "नवा डिफ्यूझर घेतला, तरी फोटोभर पांढरे ठिपके." डिफ्यूझर म्हणजे स्ट्रोबवर, पाण्याखालच्या फ्लॅशवर, लावायचं उजेड पसरवणारं झाकण. माझंही पहिल्या वर्षी हेच झालं होतं. कपारीत एक हेकरू मासा निवांत बसला होता. मी चौदा फोटो काढले आणि चौदाही फोटोंत तो पिठाच्या गिरणीत बसल्यासारखा दिसत होता.

हे ठिपके म्हणजे बॅकस्कॅटर. लेन्स आणि मासा यांच्यामधल्या पाण्यात गाळ आणि प्लवक तरंगत असतात, त्यांच्यावर स्ट्रोबचा उजेड पडतो आणि ते चमकतात. डिफ्यूझर त्या उजेडाची कड मऊ करतो आणि झोत रुंद करतो. झोत रुंद झाला की मधलं पाणी उलट जास्तच उजळतं. त्यामुळे ठिपके घालवण्यासाठी डिफ्यूझर विकत घेणं ही पहिली चूक. मधलं पाणी अंधारात राहील अशा जागी स्ट्रोब ठेवणं, हा त्यावरचा खरा उपाय आहे.

स्ट्रोब कुठे ठेवता?

बहुतेक जण हाउसिंगला, म्हणजे कॅमेऱ्याच्या जलरोधक खोळीला, खेटून स्ट्रोब ठेवतात आणि तोंड थेट माशाकडे करतात. वाइड अँगलसाठी, म्हणजे रुंद दृश्यासाठी, स्ट्रोब धरणाऱ्या दोन्ही दांड्या बाजूला लांब पसरा. स्ट्रोबचं तोंड डोम पोर्टच्या (लेन्ससमोरच्या घुमटाकार काचेच्या) रेषेच्या मागे घ्या, म्हणजे उजेड थेट काचेवर येत नाही. मग दोन्ही तोंडं किंचित बाहेरच्या बाजूला वळवा. माशावर झोताचा मधला भाग नको, फक्त कड पडू द्या. डिफ्यूझरचा खरा फायदा इथे होतो, कारण त्याची कड हळूहळू विरते आणि माशाच्या अंगावर उजेडाची रेघ उमटत नाही.

इथे आणखी एक गोष्ट फसवते. पाण्याखाली मास्कच्या काचेमुळे वस्तू खऱ्या अंतरापेक्षा साधारण पाव हिश्शाने जवळ दिसतात. मासा जिथे दिसतो तिथे स्ट्रोब रोखला की दोन्ही झोत त्याच्या अलीकडेच, नेमके मधल्या पाण्यात, एकमेकांना छेदतात. बाहेर वळवण्याचा आग्रह त्यासाठीच.

लांबून फोटो

पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. दहा मीटरवर नैसर्गिक उजेडातला लाल जवळजवळ संपलेला असतो. स्ट्रोबचा उजेडही माशापर्यंत जाऊन परत येतो, म्हणजे दोन मीटरवरच्या माशासाठी त्याला चार मीटर पाणी कापावं लागतं. मालवणच्या हिरवट पाण्यात मी अर्ध्या मीटरच्या पलीकडे स्ट्रोबवर भरवसा ठेवत नाही. जवळ जाता येत नसेल तर तो फोटो सोडून द्या. जवळ जाण्यासाठी प्रवाळावर हात टेकणं किंवा तळाला फिन मारणं तर अजिबात नको. प्रवाळ मोडतं, आणि उडालेला गाळ तुमच्याच फोटोत येतो.

डिफ्यूझर उजेड खातो, हेही लक्षात ठेवा. अर्धा ते एक स्टॉप सहज जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), काहींत त्याहून जास्त. फोटो काळपट आला की लोक आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, चढवतात, मग मागचं हिरवं पाणीही उजळून फिकट दुधी होतं. आधी स्ट्रोबची ताकद वाढवा. मागचं पाणी गडद हवं असेल तर शटर १/१६० किंवा १/२०० सेकंद करा, फक्त कॅमेऱ्याच्या सिंक स्पीडच्या (फ्लॅशसोबत चालणाऱ्या सगळ्यात वेगवान शटरच्या) वर जाऊ नका. शटर बदलल्याने माशावरच्या स्ट्रोबच्या उजेडात जवळजवळ फरक पडत नाही.

पिवळसर डिफ्यूझर

हे डिफ्यूझर फक्त मासा सोनेरी दिसावा म्हणून असतात असा समज आहे. स्ट्रोबचा उजेड साधारण ५५०० केल्व्हिनच्या आसपास असतो, पिवळसर डिफ्यूझर तो आणखी उबदार करतो. मग माशाचा रंग जागेवर आणायला व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातली रंगांची जुळवणी) थंड, म्हणजे निळ्या बाजूला न्यावा लागतो. मागच्या पाण्यावर स्ट्रोब पोचलेलाच नसतो, त्यामुळे ते जास्त निळं होतं. आपल्या हिरव्या पाण्यासाठी ही युक्ती मला फार आवडते. मात्र दोन्ही स्ट्रोबना एकसारखेच डिफ्यूझर लावा, नाहीतर माशाची एक बाजू हळदीची आणि दुसरी पांढरी येते.

मॅक्रोमध्ये, म्हणजे छोट्या जिवांचे अगदी जवळून फोटो काढताना, डिफ्यूझर मी कधीच काढत नाही. समुद्री गोगलगायीचं अंग ओलसर, गुळगुळीत असतं आणि उघडा स्ट्रोब त्यावर पांढरे डाग पाडतो. दोन-तीन सेंटिमीटरच्या जिवापुढे डिफ्यूझर मोठा असतो, म्हणून सावल्या खरोखर मऊ होतात. हाच डिफ्यूझर मीटरभर लांबून तितका मऊपणा देत नाही.

दोष कुठे आहे, ते असं शोधा

पाण्यातच चार फोटो काढा: दोन्ही स्ट्रोब चालू, फक्त डावा, फक्त उजवा, दोन्ही बंद. ज्या फोटोत ठिपके वाढतात तो स्ट्रोब आत वळलेला आहे, त्याला बाहेर आणि मागे घ्या. दोन्ही बंद असताना ठिपके गेले, तर दोष उजेडाच्या जागेचा. प्रत्येक फोटोत ठिपका त्याच जागी असेल, तर तो पोर्टवरचा बुडबुडा किंवा काचेवरचा डाग आहे, बोटाने पुसून पाहा.

सगळं करूनही पाणी ऐकत नसेल तर तारीख बदला. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाह जोराचा असतो आणि तळ ढवळतो. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत, पाणी बरंच निवळ मिळतं. माझा हेकरूचा चांगला फोटो अशाच एका सकाळी आला, डावा स्ट्रोब बंद ठेवून.