कॉकपिटचा डिस्प्ले बनवताय? आधी हे बघा

होटगी रोडच्या विमानतळावरनं विमानं उडायला लागल्यापासून आमच्या सोलापुरात इंजिनिअरिंगच्या पोरांना लै खूळ लागलंय, जो तो प्रोजेक्टला कॉकपिट डिस्प्ले करतोय. दिसायला भारी असतात, पण हवी ती माहिती शोधत बसावं लागतं. पायलट स्क्रीन वाचत नाही बे, नुसती नजर टाकतो.

म्हणून पहिलं, जागा बदलू नका. स्पीड डावीकडं, मधे क्षितिज (विमान किती कललंय ते दाखवणारं), उंची उजवीकडं, दिशा खाली. काट्याच्या डायलपासून डोळ्याला हीच सवय आहे, कलाकारी दुसरीकडं दाखवा.

लाल म्हणजे आत्ता हात घाला, अंबर (पिवळट-नारिंगी) म्हणजे लक्ष असू द्या. बाकी कुठंच लाल नको. मी पहिल्यांदा बॉर्डरच लाल केलती, मग खरी वॉर्निंग आली तर कुणाला दिसेचना.

सगळं ठीक असताना स्क्रीननं गप्प बसावं. कारखान्यात माग चालवणारा मामा एकटा तीन-चार माग सांभाळतो, तो काय प्रत्येक धागा बघत नाही, धागा तुटला, माग थांबला की तिकडं वळतो. एअरबसचं डार्क कॉकपिट असंच, सगळं नॉर्मल तर डोक्यावरच्या पॅनलचे दिवे बंद.

आता खरी मेख. डिस्प्लेच्या एकाच खिडकीत दोन अर्थाचे आकडे दाखवणार असाल तर दहादा विचार करा. २० जानेवारी १९९२ ला फ्रान्समधे स्ट्रासबर्गजवळ एअर इंटर कंपनीचं एअरबस ए३२० विमान डोंगरावर आदळलं, ८७ माणसं गेली. तपासातला मोठा संशय असा की पायलटला ३.३ अंशाचा उतार हवा होता, पण ऑटोपायलटचा मोड दुसरा लागलेला, आणि त्या मोडमधे ३३ म्हणजे मिनिटाला ३,३०० फूट खाली! फरक काय, तर एक टिंब. नंतर एअरबसनं तिथं पूर्ण चार अंक दाखवायला सुरुवात केली. तुम्ही पण मोड बदलला की आकड्याचं रूपच बदला, आणि शेजारी युनिट लिहा.

टेस्ट एसीत बसून करू नका. मे महिन्यात भर दुपारी स्क्रीन गच्चीवर न्या, पोलराइज्ड गॉगल घालून बघा, काही एलसीडी तिरक्या धरल्या की काळ्याठिक्कर दिसतात. मग कुणालाही एक सेकंद दाखवून हातानं झाका आणि विचारा, उंची किती, वर चाललोय का खाली? मी शेजारच्या काकूंना विचारलं (त्या पायलट नाहीत, मान्य), उंची चटकन सांगितली त्यांनी, पण स्पीडची हिरवी पट्टी बघून म्हणल्या चार्जिंग फुल आहे की. रात्री बसून ती पट्टी परत काढली.