शेअरिंगची इलेक्ट्रिक कार कशी वापरायची: अकाउंट उघडण्यापासून गाडी सोडेपर्यंत

शेअरिंगची कार म्हणजे कंपनीची गाडी, जी ॲपवरून बुक करून थोड्या वेळापुरती भाड्याने चालवायची आणि मग सोडून द्यायची. सगळ्यात आधी हे बघा की तुमच्या शहरातली अशी स्कीम कुठल्या टाइपची आहे, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. काही ठिकाणी गाडी जिथून घेतली तिथेच परत आणून लावायची असते. काही ठिकाणी एका स्टेशनवरून (म्हणजे या गाड्या लावायची ठरलेली जागा) घ्या आणि दुसऱ्या कुठल्याही स्टेशनवर सोडा, पॅरिसची ऑटोलिब अशीच होती (२०११ ते २०१८), तिथे तर जिथे जायचंय तिथली चार्जिंगची जागाही आधीच बुक करता यायची. आणि तिसरा प्रकार म्हणजे स्टेशन वगैरे काही नाही, ॲपमध्ये एक झोन आखलेला असतो आणि त्याच्या आत रस्त्यावर जिथे पार्किंग चालतं तिथे सोडून द्या. माद्रिदमध्ये हा प्रकार चांगला चालला, त्याचं एक साधं कारण म्हणजे तिथल्या पे-पार्किंगच्या रस्त्यांवर इलेक्ट्रिक गाड्यांना पार्किंग फुकट होतं. या तिसऱ्या प्रकारात गाड्या चार्ज करायचं काम शक्यतो कंपनीची माणसं करतात, त्यामुळे तुम्हाला चार्जरची झंझट नाही, पण गाडी हातात येईल तेव्हा बॅटरी किती असेल ते नशिबावर.

अकाउंट घरी बसून आणि दोन-चार दिवस आधीच उघडा. लायसन्सचे दोन्ही बाजूंचे फोटो, सेल्फी, कार्ड हे सगळं टाकलं तरी व्हेरिफिकेशन कधी पाच मिनिटांत होतं तर कधी दोन दिवस लागतात, आणि कुठेतरी पोचायची घाई असताना भर रस्त्यात उभं राहून हे करणं म्हणजे डोक्याला ताप. किमान वय किती, लायसन्स किती वर्षं जुनं हवं ते बघा, बाहेरच्या देशात असाल तर इंटरनॅशनल परमिट लागतं का तेही बघा. बऱ्याच ठिकाणी कार्डावर डिपॉझिटची रक्कम ब्लॉक होते, ती कापली जात नाही पण सुटेपर्यंत वापरताही येत नाही. आणि आपल्या अकाउंटवरून भावाला किंवा मित्राला गाडी काढून द्यायची नाही, कारण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करणार आणि सगळं तुमच्या अंगावर येणार.

विम्याचं पान कंटाळवाणं असतं तरी तेवढं एक वाचाच. त्यात दोन गोष्टी शोधायच्या. नुकसान झालं तर तुमच्या खिशातून जास्तीत जास्त किती जाणार, आणि कशाकशाला विमा लागूच नाही. टायर, काच आणि गाडीची खालची बाजू पुष्कळदा या दुसऱ्या यादीत असते.

रेटचं गणित मिनिटावर, तासावर, दिवसावर, किलोमीटरवर असं कसंही असू शकतं आणि वर अनलॉक करायचा चार्ज वेगळा. मिनिटाचा रेट दिसायला अगदी किरकोळ वाटतो पण ट्रॅफिकमध्ये अडकलात तर मीटर पळतच असतो. त्यामुळे माझं मत असं की गर्दीच्या वेळी लांब जायचं असेल तर तासाचं पॅकेज घ्या, मिनिटाचा रेट फक्त छोट्या आणि मोकळ्या रस्त्याच्या ट्रिपसाठी ठीक. मधे दुकानात थांबलात, गाडी लॉक केली तरी ट्रिप चालूच धरली जाते, काही ठिकाणी तेव्हाचा रेट थोडा कमी असतो इतकंच.

बुकिंग करताना जवळची गाडी दिसली की लगेच टॅप करू नका, बॅटरी बघा. जाऊन-येऊन जेवढे किलोमीटर होतात त्याच्यावर निदान एक तृतीयांश जास्त रेंज (उरलेल्या बॅटरीत गाडी किती किलोमीटर जाईल ते) दिसायला हवी, थंडी असेल तर अजून जास्त, कारण थंडीत बॅटरीची रेंजही घटते आणि हीटरही त्याच बॅटरीवर चालतो. बुक केल्यावर काही मिनिटं फुकट असतात आणि मग पैसे लागायला सुरुवात होते, तर चालत किती वेळ लागेल तेही धरा.

गाडीपाशी पोचलात की एक फेरी मारून व्हिडिओ काढा, चारही बाजू, चाकांच्या रिम, बंपरचे कोपरे, आतल्या सीट. जुना ओरखडा दिसला तर निघायच्या आधी ॲपमध्ये रिपोर्ट करा, नंतर सांगितलेलं कोणी ऐकत नाही. गाडी चार्जिंगला लावलेली असेल तर केबल ओढू नका, ती लॉक असते, आधी ॲपवरून अनलॉक करा मग सुटते. केबल गाडीतली असेल तर डिकीत ठेवा आणि चार्जर चालू करायचं कार्ड दिलेलं असेल तर ते गाडीत आहे ना ते बघून घ्या.

पहिल्यांदाच इलेक्ट्रिक चालवत असाल तर गाडी चालू झाली हे कळतच नाही. ब्रेक दाबून बटण दाबायचं, डॅशबोर्डवर रेडी असं आलं की चालू, आवाजाची वाट बघत बसू नका. ॲक्सिलरेटर हळूच दाबा, पिकअप लगेच येतो. पाय काढला की गाडी आपोआप स्लो होते, ती मोटर उलट्या कामाला लागून बॅटरी भरत असते, एखाद्या शांत गल्लीत दोन चक्कर मारल्या की याची सवय होते. पायी चालणाऱ्यांना तुमची चाहूल लागत नाही हे मात्र डोक्यात ठेवा. युरोपियन युनियनमध्ये जुलै २०२१ पासून नव्या इलेक्ट्रिक गाड्यांना २० किमी वेगापर्यंत कृत्रिम आवाज काढणं सक्तीचं झालं, पण ताफ्यात जुनी गाडी असली तर ती गपचूपच जाते.

मधे चार्ज करायचं का? शक्यतो नको. साध्या चार्जरवर तासन्‌तास जातात, फास्ट चार्जरवरही ८०% च्या पुढे वेग पडतो आणि त्या वेळात तुमचं मीटर चालू. दिवसभराचं पॅकेज असेल तर ठीक, जेवायला थांबाल तेव्हा लावून टाका. काही स्कीममध्ये गाडी चार्जिंगला लावून सोडली तर फुकट मिनिटं मिळतात, ती मात्र सोडू नका.

आता गाडी परत करणं. खरी भानगड इथेच असते, गाडी कोणीही चालवतो. ट्रिप तुम्ही उतरलात म्हणून संपत नाही, सिस्टीमने मान्य केली की संपते. स्टेशनवाली स्कीम असेल तर निघायच्या आधीच तिथली जागा बुक करून ठेवा आणि जवळचं दुसरं स्टेशनही बघून ठेवा, कारण संध्याकाळी सगळे एकाच भागात परततात आणि जागा भरलेल्या असतात. झोनवाली असेल तर हद्द ॲपमध्ये बघा, अंदाजाने नको, कधीकधी रस्त्याची एक बाजू आत असते आणि दुसरी बाहेर. बेसमेंटमध्ये किंवा मॉलच्या पार्किंगमध्ये सोडायला जाऊ नका, परवानगी नसते हे एक आणि नेटवर्क नसेल तर ट्रिप बंदच होत नाही हे दुसरं.

गाडी पी मध्ये (पार्किंगच्या गिअरमध्ये) टाका, काचा-लाइट बंद करा, तुमचा फोन ब्लूटूथला जोडला असेल तर यादीतून काढून टाका नाहीतर तुमचे कॉन्टॅक्ट पुढच्या माणसाच्या समोर. मग चार्जिंगच्या जागी सोडत असाल तर प्लग लावा आणि लगेच पाठ फिरवू नका, चार्जिंग सुरू झाल्याचा दिवा लागला का, ॲपमध्ये तसं आलं का ते बघा, अर्धवट बसलेला प्लग म्हणजे ट्रिप चालू. प्लगसकट गाडीचा फोटो, रस्त्यावर सोडली असेल तर पार्किंगच्या पाटीसकट. दरवाजे लॉक झाले आणि पावती आली की स्क्रीनशॉट घ्या आणि मगच निघा. चार्जरच बिघडलेला असेल तर घरी जाऊन मेल करू नका, तिथूनच हेल्पलाइनला फोन लावा, तक्रार नंबर घ्या, वेळ लिहून ठेवा.

दंडाची पावती नंतरही येऊ शकते, ती आधी कंपनीकडे जाते आणि तिथून त्यांचा प्रोसेसिंगचा चार्ज लागून तुमच्याकडे.

एक शेवटचं, पैसे अडकवून ठेवू नका. या स्कीम बंद पडतात, ही काही आजची गोष्ट नाही. ॲमस्टरडॅममध्ये विटकार नावाच्या छोट्या तीन चाकी इलेक्ट्रिक गाड्या १९७४ मध्ये शेअरिंगला आल्या, १९८६ मध्ये संपल्या. अमेरिकेत सॅन डिएगोमध्ये कार-टू-गो या कार शेअरिंग कंपनीने २०११ मध्ये ३०० इलेक्ट्रिक गाड्या आणल्या आणि चार्जर पुरेसे नाहीत म्हणून २०१६ मध्ये त्या जागी पेट्रोलच्या आणल्या, आणि त्याच वर्षी तिथून गाशा गुंडाळला. ऑटोलिबच्या हजारो गाड्या होत्या तरी तोट्यामुळे तीही बंद झाली. म्हणून डिस्काउंट कितीही भारी दिसू दे, वर्षाची मेंबरशिप घेण्यापेक्षा महिन्याची घ्या किंवा वापराल तेवढंच भरा, वॉलेटमध्ये एका ट्रिपपुरतेच पैसे ठेवा, आणि वापरणं थांबवलंत की ॲप नुसतं डिलीट करू नका, आधी बॅलन्स काढून घ्या, कार्ड हटवा, मग अकाउंट बंद करा.