खाडीवर घरच्यांना घेऊन गरवायला जाताय? या चुका टाळा

खाडीवर गळाने मासे धरायचा दिवस वाया जातो तो बहुतेक वेळा घरातच. "रविवारी नाश्ता करून आरामात दहाला निघू" असं ठरलं की बेत तिथेच फसला. आमिष मिळतं सुकतीला, म्हणजे पाणी ओसरल्यावर, उघड्या पडलेल्या रेवेत (रेतीत) आणि चिखलात. मग भरती लागली की मासा त्याच रेवेवर चरायला येतो, आणि तेव्हा गरी, म्हणजे गळ बांधलेली दोरी, पाण्यात हवी. आमिष काढणं आणि गरवणं ही एकाच पाण्यावर लागोपाठ करायची कामं आहेत. हे ज्याने ओळखलं त्याच्या निम्म्या अडचणी सुटतात, आणि पोरंबाळं बरोबर असली तर निम्मे धोकेही टळतात.

आधी तिथी बघा, मग रविवार

कोकणात जुनीजाणती माणसं करतात तो हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, साधारण त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती, आणि सहा तास आधी, सकाळी नऊच्या आसपास, पूर्ण ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. हे गणित मुंबईच्या आसपास चांगलं जुळतं. रत्नागिरी, मालवण, गोवा असं दक्षिणेकडे सरकाल तशी भरती थोडी आधी होते. उलट खाडीच्या तोंडापासून आत जाल तशी ती उशिरा पोचते. वाशिष्ठी नदीत दाभोळपासून गोवळकोटपर्यंत भरतीचं पाणी चढतं, पण दोन्हीकडे एकाच वेळी नाही. म्हणून अंदाज तिथीवरून घ्या आणि निघण्याआधी हैदराबादच्या 'इन्कॉईस' या समुद्राची माहिती देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर जवळच्या बंदराची वेळ पाहून खात्री करा.

घरच्यांबरोबर जायला मला विचाराल तर पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची द्वितीया ते चतुर्थी. उधाण, म्हणजे सर्वांत मोठी भरती-ओहोटी, अजून ओसरलेलं नसतं, त्यामुळे रेव चांगली उघडी पडते. ओहोटी साडेसात ते नऊच्या दरम्यान येते. तेव्हा आमिष काढा, मग पाणी चढेल तसं दुपारपर्यंत गरवा आणि ऊन तापलं की घरी. अष्टमीला भांगाचं पाणी असतं. ते फारसं उतरत नाही, आणि ओहोटी भर दुपारी बारा वाजता. त्या दिवशी ओढ कमी असल्याने लहान मुलांना गरवायला शिकवणं सोपं जातं, पण आमिष बाजारातूनच न्या.

पावसाळ्यात घरच्यांना नेऊच नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. किनाऱ्यावरून गरी टाकणाऱ्याला तो नियम लागू नसला, तरी नदीचा लोंढा आणि सुकतीची ओढ एकत्र आली की खाडीत गुडघाभर पाण्यातही पाय ठरत नाही. नारळी पौर्णिमा होऊ द्या.

रेवेवर अडकणं

ही चूक जिवावर बेतते, म्हणून सविस्तर सांगतो. खाडीच्या तोंडाशी रेवेचे पट्टे असतात. भाट्याच्या खाडीत आहेत, देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी आहेत. ओहोटीला घोट्याएवढ्या पाण्यातून चालत तिथे पोचता येतं. पट्टा मध्ये उंच असतो, आणि तुम्ही ओलांडून आलात तो खोलगट भाग तुमच्या पाठीमागे. भरती लागली की पाणी आधी तिथे भरतं. समोर तुमच्या पायाशी रेव कोरडीच असते, मुलं खेळत असतात, आणि परतीच्या वाटेवर कमरेएवढं पाणी झालेलं असतं.

फसगत होते ती पाणी चढण्याच्या वेगामुळे. सहा तासांच्या भरतीत पहिल्या तासाला पाणी जेमतेम हलतं. एकूण चढीतली जवळपास निम्मी चढ तिसऱ्या आणि चौथ्या तासात होते. पहिला तास निवांत गेला म्हणून पुढचेही जातील असं धरून चालू नका. ओहोटीची वेळ झाली की, हातात कितीही मुळे (आमिषाचे शिंपले) लागत असले तरी, सगळ्यांनी किनाऱ्याच्या बाजूला परत यायचं. पट्ट्याच्या कडेला एक काठी रोवून ठेवा आणि तिच्यावर पाण्याची खूण करा, मुलांनाही त्यात गंमत वाटते. पोहता येवो न येवो, मुलांना लाईफ जॅकेट हवंच. आणि एका मोठ्या माणसाच्या हातात गरी नको, मोबाईल नको, त्याने फक्त मुलांकडे बघायचं. मासा लागला की सगळ्यांचे डोळे तंगूसाकडे, म्हणजे गरीच्या नायलॉनच्या दोरीकडे, वळतात, म्हणून ही सोय आधीच लावावी लागते.

वाशिष्ठीत मगरी आहेत, मालदोलीला तर लोक त्या बघायलाच जातात. तिथे पाण्यात उतरून काहीही काढू नका.

पाय

चप्पल चिखल ओढून घेतो, आणि अनवाणी गेलात तर कालवांच्या कडा तळवा चिरतात. जुने कॅनव्हासचे बूट, नाडी घट्ट बांधून. गुडघ्यापर्यंत रुतलात तर हिसके मारू नका. मागे रेलून वजन पसरा, पाय हलवत हलवत सैल करा, आणि हळूहळू काढा. खाजणातल्या मऊ गाळात मुलांना शिरूच देऊ नका. कांदळवनाची मुळं तोडून वाट करू नका, त्याला कायद्याने बंदी आहे, आणि तांबोशीपासून कोळंबीपर्यंत सगळ्यांची पिल्लं त्याच मुळांत वाढतात.

उथळ पाण्यात चालताना पाऊल उचलून टाकू नका, तळाला घासत पुढे न्या. रेवेत पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) दबून बसलेलं असतं, त्याला चाहूल लागली की ते निघून जातं. त्याच्यावर पाय पडला तर मात्र शेपटीचा काटा बसतो.

आमिष

आधी विचारा. खाडी मोकळी दिसली तरी तिथे कुणाचं तरी पोट असतं. रत्नागिरीतल्या राजिवड्याचे दालदी, मालवणकडचे गाबीत, दाभोळ खाडीतले भोई हे मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या हे पाणी राखून आहेत, आणि मुळे-तिसऱ्या काढून बाजारात बसणाऱ्या बायकांचं घर त्यावर चालतं. "मावशी, इथे थोडे मुळे काढले तर चालतील ना?" एवढं विचारलं की परवानगी मिळतेच, शिवाय कुठे मिळतील तेही कळतं.

मुळे शोधायला फावडं नको. रेवेवर बारीक भोकं दिसतात, बहुधा दोन-दोन जवळजवळ. पाऊल जवळ पडलं की त्यातून पाण्याची चिळकांडी उडते. तिथेच बोटं खुपसा. मुलांना हे काम मोठ्यांपेक्षा छान जमतं. आमिषाला ओंजळभर पुरतात. बारीक असतील ते परत रेवेत दाबा, आणि पोटाखाली अंडी धरलेली कुर्ली (खेकडी) मिळाली तर ती लगेच सोडा.

मुळ्याचं मांस मऊ असतं, गरी फेकताच उडून जातं. शिंपल्यातून काढून थोडं मीठ लावून अर्धा तास ठेवा, घट्ट होतं. तरीही सुटत असेल तर शिवणाच्या दोऱ्याचे दोन-चार वेढे द्या.

जिवंत कोळंबी मरते ती गर्दीने आणि उन्हाने. बादलीत थोडीच ठेवा, खाडीचंच पाणी घाला, वर ओलं गोणपाट टाका, पाणी वरचेवर बदला आणि मेलेली लगेच काढा. नळाचं पाणी चालत नाही. गळ शेपटीकडच्या पेऱ्यातून घाला, म्हणजे ती पोहत राहते.

मासा का लागत नाही?

गळ वर काढून नीट बघा, उत्तर तिथेच असतं.

आमिष साफ, गळ चकचकीत, आणि तंगूस एकदाही ताणला नाही: खाली कुर्ल्या बसल्यात. आमिष तळापासून वीतभर वर राहील असं शिसं बांधा, नाहीतर जागा बदला.

टकटक होते, ओढलं की काही नाही: गळ मोठा आहे. मुडदुशीचं तोंड लहान असतं, तिला बारीक गळ आणि नखाएवढं आमिष लागतं.

तंगूस गळाजवळ कात्रीने कापल्यासारखा स्वच्छ तुटला: केंड, म्हणजे फुगणारा मासा. त्याचे दात तसेच असतात. तिथून हला. तंगूस तुटण्याआधी खडबडीत झालेला दिसला तर मात्र तो कालवांवर किंवा दगडावर घासतोय. वेगळ्या बाजूने टाका.

अडकलेली गरी हाताला गुंडाळून ओढू नका, तंगूस मांसात शिरतो. सैल सोडा, बाजूला चालत जा आणि उलट दिशेने खेचा. तुटलेला तंगूस गोळा करून घरी न्या. पाणकावळ्यांचे पाय त्यात अडकतात.

हातात आल्यावर

शिंगाळ्याला (कॅटफिशला) कधीही नुसत्या हाताने धरू नका. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे तीन करवती काटे असतात, आणि ते विषारी असतात. ओल्या फडक्याने दाबून पक्कडीने गळ काढा. काटा लागलाच तर, पाकटाचा असो की शिंगाळ्याचा, जखम सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. उष्णतेने विष निकामी होतं आणि कळ उतरते. पाणी आधी दुसऱ्या हाताने तपासा, दुखणाऱ्या हाताला चटका कळत नाही. यासाठी थर्मासमध्ये गरम पाणी बरोबर न्या. मग डॉक्टर, कारण काट्याचा तुकडा आत राहिलेला असू शकतो. गळ आपल्याच मांसात रुतला तर तो घरी उपटायचा नाही.

केंड फुगतो म्हणून मुलांना फार आवडतो. बघू द्या आणि सोडून द्या. त्याचं विष शिजवूनही जात नाही, आणि त्यावर उतारा नाही. मांजरालाही घालू नका.

उरलेले मुळे घरी खायचे असतील तर गटार किंवा जेट्टीजवळचे मुळीच नकोत. मुळे पाणी गाळून जगतात, त्यातली घाण त्यांच्यात साठते. स्वच्छ जागचे असतील तर खाडीच्याच पाण्यात काही तास ठेवा, आतली रेती बाहेर टाकतात. शिजवण्याआधी उघडे दिसतील त्यांच्यावर टिचकी मारा. मिटला तो जिवंत. न मिटणारे फेकून द्या.