प्रागला मैत्रिणीबरोबर जाताय? या चुका टाळा

प्रागमधला आमचा पहिला दिवस रुसण्याफुगण्यात गेला. भर दुपारी बाराला आम्ही दोघी चार्ल्स पुलावर पोचलो. पुलाच्या कठड्यांवर ३० पुतळे आहेत. मैत्रिणीला प्रत्येकापाशी थांबायचं होतं आणि मला त्या रेटारेटीतून कधी एकदा बाहेर पडते असं झालं होतं. संध्याकाळपर्यंत आम्ही धड बोललो नाही. आता वाटतं, चुकीची होती ती वेळ.

चौथ्या चार्ल्स राजाने १३५७ साली या पुलाची पायाभरणी केली, आणि १८४१ पर्यंत प्रागमध्ये व्लतावा नदी ओलांडायला हा एकच पूल होता. आजही जुन्या गावातून किल्ल्याकडे निघालेला जवळजवळ प्रत्येक पर्यटक इथूनच जातो. दुसऱ्या दिवशी आम्ही उजाडताच गेलो. पुलावर मोजकी माणसं होती. मैत्रीण सावकाश एकेक पुतळा बघत गेली, मी कठड्याला टेकून नदी बघत बसले. पूल तोच, आम्हीही त्याच, पण या वेळी कुरबुर झाली नाही. एक सांगून ठेवते, पुलावरचे बरेच पुतळे प्रतिकृती आहेत. मूळचे दुसरीकडे जपून ठेवले आहेत.

दुसरी चूक किल्ला खालून चढायची. माला स्ट्राना भागातून वर जाणाऱ्या पायऱ्यांवर दम लागतो, आणि वर पोचेपर्यंत बघायची इच्छाच उरत नाही. २२ नंबरची ट्राम पकडा, पोहोर्झेलेत्सच्या थांब्यावर उतरा आणि उतारावरून चालत किल्ल्यात शिरा. परतताना पायऱ्या उतरा, लाल कौलांचं सगळं गाव समोर दिसतं. कागदी तिकीट घेतलं असेल, तर ते ट्राममधल्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवायला विसरू नका. शिक्का नसेल तर विकत घेतलेलं तिकीटही चालत नाही, आणि तपासनीस साध्या कपड्यांत असतात.

किल्ल्यातल्या सेंट व्हायटस कॅथेड्रलला रविवारी सकाळी जाऊ नका. तेव्हा प्रार्थना असते, पर्यटकांना दुपारी बारानंतर सोडतात. आत गेल्यावर रंगीत काचांचे फोटो काढून लगेच बाहेर पडू नका, हे मात्र मी अगदी कळकळीने सांगते. या वास्तूचं काम १३४४ साली सुरू झालं, पंधराव्या शतकातल्या हुसाइट धर्मयुद्धांमुळे शतकानुशतकं रखडलं आणि १९२९ साली पुरं झालं. ज्या दारातून आपण आत शिरतो ती पश्चिमेची बाजू, तिच्यावरच्या दोन शिखरांसकट, नवी आहे. वेदीकडचा भाग मध्ययुगातला. मग बाहेरून वळसा घालून दक्षिणेच्या सोनेरी दारावरचं चौदाव्या शतकातलं मोझेक बघा. हे आधी ठाऊक असेल तर दोघी मिळून जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं ते शोधता येतं. आमचा त्यात तास गेला, आणि सहलीतला तो माझा सगळ्यात आवडता तास.

पैशांचं थोडक्यात. इथे युरो नाही, कोरुना चालतात. काही दुकानं युरो घेतात, पण भाव वाईट लावतात. रस्त्यात कोणी नोटा बदलून देतो म्हणालं तर थांबूच नका, दुसऱ्याच देशाच्या बिनकामाच्या नोटा हातात पडतात. एटीएम ‘तुमच्या चलनात रक्कम कापू का’ असं विचारतं, तेव्हा नाही म्हणा आणि कोरुनाच निवडा. अधिकृत दुकानात बदलताना फसल्यासारखं वाटलं, तर १००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो. त्यासाठी पावती जपा.

योझेफोव्ह हा जुना ज्यू मोहल्ला शनिवारी ठरवू नका, तिथली संग्रहालयं त्या दिवशी बंद असतात. आणि दोन ठिकाणांच्या मधल्या अर्ध्या तासात तो उरकूही नका. पिंकास सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळाच्या, भिंतींवर नाझींनी मारलेल्या बोहेमिया-मोराव्हियातल्या, म्हणजे आजच्या चेक भूमीतल्या, सुमारे ७८ हजार ज्यूंची नावं हाताने लिहिलेली आहेत. तिथून बाहेर आल्यावर आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. त्यानंतरचा वेळ मोकळाच ठेवा.

आणि सगळा वेळ बरोबरच राहायचं, हा हट्ट सोडा. तिसऱ्या दिवशी दुपारी ती संग्रहालयात गेली आणि मी व्हिशेह्राडला, द्वोरझाक आणि स्मेताना या संगीतकारांच्या समाध्या बघायला. चूक झाली ती भेटायची जागा ठरवताना. ‘मूस्टेक मेट्रोपाशी’ एवढंच ठरलं होतं. त्या स्थानकाची दारं एकमेकांपासून लांब आहेत. ती एका दाराशी उभी, मी दुसऱ्या, आणि तिच्या फोनची बॅटरी संपलेली. पाऊण तास गेला. प्रागची माणसं भेटायला वात्स्लाव चौकाच्या वरच्या टोकाला, संत वात्स्लावच्या अश्वारूढ पुतळ्यापाशी बोलावतात. ‘घोड्यापाशी’ एवढं म्हटलं तरी सगळ्यांना कळतं. त्यानंतर आम्हीही तेच म्हणू लागलो. शेवटच्या संध्याकाळी मी दहा मिनिटं आधी पोचले, तर ती तिथे आधीच उभी होती, हातातल्या कागदी पुड्यात माझ्यासाठी तळलेलं चीज घेऊन.