थीटा कॉरस्पॉण्डन्स: या चुका टाळा

थीटा कॉरस्पॉण्डन्स म्हणजे दोन वेगळ्या गटांच्या रिप्रेझेंटेशनांच्या (गटाला रेषीय क्रियांच्या रूपात दाखवणाऱ्या रचनांच्या) जोड्या लावण्याची रीत. गेल्या पावसाळ्यात त्यातलं माझं एक गणित दोन आठवडे अडून बसलं होतं. एसएल(२)च्या दुहेरी आवरणाचं, म्हणजे मेटाप्लेक्टिक गटाचं एक रिप्रेझेंटेशन घेऊन त्याची एसओ(३)वरची जोडी दोन वाटांनी काढली. उत्तरं जुळेनात. पवईच्या हॉस्टेलमध्ये वह्या पसरून चिन्हं तपासली, सगळं बरोबर! चूक पहिल्याच ओळीत होती. एका वाटेला ψ घेतला होता, दुसरीला नकळत ψₐ, म्हणजे ψₐ(x) = ψ(ax).

ज्यातून ही जोडी निघते ते वेल रिप्रेझेंटेशन ψ या बेरजेच्या कॅरेक्टरवर (बेरजेचा गुणाकार करणाऱ्या फलनावर) ठरतं, आणि ψ बदलला की जोडीही बदलू शकते. या उदाहरणात a वर्ग नसेल तर L-पॅरामीटरला (रिप्रेझेंटेशनच्या ओळखपत्राला) χₐ हा क्वाड्रॅटिक ट्विस्ट लागतो, म्हणजे a वरून ठरणाऱ्या ±१ किमतींच्या कॅरेक्टरने गुणावं लागतं. वर्गाचा गुणक सोडला तर, विषम p साठी क्यू-पी मध्ये (p-अ‍ॅडिक संख्यांत) शून्येतर a चे ४ प्रकार, क्यू-२ मध्ये ८. तेव्हा उत्तरं नेमकी एका क्वाड्रॅटिक ट्विस्टने चुकत असतील, तर आकडेमोड पुन्हा करत बसू नका. आधी ψ शोधा. मी आता पानाच्या डोक्यावरच लिहून ठेवतो.

दुसरी चूक ओ (वर्गरूप राखणारा गट) आणि एसओ (त्यातला डिटर्मिनंट १ असलेला भाग) एकच समजण्याची. हाउ ड्युअ‍ॅलिटी (जोडी एकास एक लागते हे प्रमेय) पूर्ण ओ(V) साठी आहे. ओ(४)चं ट्रिव्हियल आणि डेट (डिटर्मिनंट), दोन्ही एसओ(४)वर आणली की सारखीच दिसतात. पण जोडीला असलेल्या एसपी, म्हणजे सिम्प्लेक्टिक गटांत, ट्रिव्हियलची गाठ एसपी(०)लाच पडते. डेटला एसपी(८)पर्यंत थांबावं लागतं.

टॉवरचंही तसंच. टॉवर म्हणजे मिती दोन-दोनने वाढवत नेलेल्या V ची रांग. मुंबईकराला टॉवर समजावून सांगायला नको, फक्त इथे ए आणि बी अशा दोन विंग आहेत. एसएल(२)चं ट्रिव्हियल ए विंगमध्ये, म्हणजे स्प्लिट टॉवरमध्ये, मिती ० वरच सापडतं. बी विंग क्वाटर्नियन नॉर्मच्या ४ मितींपासून सुरू होते. तिथे ते ४ वर नाही, ६ वरही नाही, थेट ८ वर. दोन्हींची बेरीज ८, आणि एसपी(२n)साठी ती नेहमी ४n+४. हा संवर्धन-संबंध सुन आणि झू यांनी २०१५ साली सिद्ध केला. एका विंगमध्ये लवकर सापडलं म्हणून दुसरीतही खालच्याच मजल्यांवर शोधत राहणारे मी पाहिलेत. (त्यांत मीही आलो.)

मोठा Θ (जोडी लावताना आधी मिळणारं पूर्ण रिप्रेझेंटेशन) आणि छोटा θ (त्यातून काढलेली खरी जोडी) यांची गल्लत मात्र लवकर पकडली जात नाही. कारण आपण पडताळा घेतो सुपरकस्पिडलवर (लहान गटांवरून न घडणाऱ्या रिप्रेझेंटेशनांवर), आणि तिथे Θ शून्य नसेल तर इरिड्युसिबलच, म्हणजे न फुटणारा, असतो. एरवी Θ फुटू शकतो. इरिड्युसिबल असतो तो त्याचा सर्वांत मोठा सेमीसिंपल (न फुटणाऱ्या तुकड्यांची सरळ बेरीज असलेला) भागफल, म्हणजे θ.

आणि जुन्या टिपणांतलं ‘p ≠ २’ पाहून बिचकू नका. हाउच्या प्रमेयाची वाल्डस्पुर्जरची १९९०ची सिद्धता तेवढ्यापुरती होती. गान आणि ताकेदा यांनी २०१६ मध्ये ती अट काढून टाकली.