गोधडीच्या काठावर कमानी आणि वर्तुळे

मराठवाड्यात जुन्या लुगड्यांची गोधडी हाताने, धावदोऱ्याने भरतात. तिचाच काठ मशीनवर वक्र पट्टीने भरायचा असेल, तर आधी मोजणी करावी. 60 इंचांच्या बाजूवर 6 इंचांच्या 10 कमानी नेमक्या बसतात. खडूच्या खुणा मध्यापासून दोन्ही कोपऱ्यांकडे कराव्यात. मशीनला रुलर फूट, म्हणजे पट्टीच्या कडेला टेकून चालणारा जाड कडेचा दाबपाय, लावून कापड पुढे ओढणारे खालचे दाते उतरवावेत. पट्टी जाड अ‍ॅक्रिलिकचीच घ्यावी, कारण पातळ पट्टी फुटाखाली सरकली की सुई तिच्यावर आदळते. टाका पट्टीच्या कडेपासून पाव इंच दूर पडतो, त्यामुळे 4 इंचांच्या गोल पट्टीभोवती साडेचार इंचांचे वर्तुळ उमटते. माझ्या मते सर्वांत जपायचे गणित हेच. बोटे पट्टीवर घट्ट टेकवून, पट्टी फुटाला चिकटलेलीच ठेवत, कापड आणि पट्टी एकत्र हळूहळू सरकवावी.